वजन आणि धागा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



गेल्या काही वर्षांत आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या वर्तमानपत्रांत एका प्रकारची बातमी वरचेवर दिसते. अमुक डॉक्टरांचे शंभर शोधनिबंध प्रसिद्ध झाले. तमुक प्राध्यापकांचा जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत समावेश झाला. सोबत शाल-श्रीफळाचा फोटो असतो, आणि कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. बातमीत सायटेशन, एच-इंडेक्स, इम्पॅक्ट फॅक्टर असे शब्द येतात. आपण वाचतो, आपल्या भागातला माणूस म्हणून बरं वाटतं, आणि पान उलटतो. ते आकडे नेमकं काय मोजतात, हे विचारायचं राहून जातं.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या आकड्यांशी माझा काय संबंध, असं कोणी विचारील. संबंध आहे, कारण वैद्यकातलं संशोधन शेवटी आपल्याच अंगावर येतं. कोणती गोळी द्यायची, लेकराला दवाखान्यात केव्हा न्यायचं, सापाच्या किंवा विंचवाच्या दंशावर आधी काय करायचं, हे कुठल्यातरी शोधनिबंधातून ठरलेलं असतं. ज्याचा परिणाम आपल्यावर होतो, त्याचं माप आपल्याला कळलं पाहिजे.

माझे अब्बा अकोल्याच्या कापूस बाजारात मापारी होते. गाडी लागली की वजन करायचं, आकडा पुकारायचा, वहीत लिहायचा. पण भाव अब्बा ठरवत नसत. त्यासाठी ग्रेडर यायचा. तो मूठभर कापूस हातात घेऊन धागा ओढून बघायचा. धागा किती लांब, किती मजबूत, कवडी किती, ओल किती. अब्बा म्हणायचे, "बेटा, काटा खोटं बोलत नाही, पण काटा पुरं खरंही बोलत नाही." संशोधनाच्या आकड्यांविषयी वाचताना मला हे वाक्य आठवतं. आकडे म्हणजे काटा. धागा वेगळा बघावा लागतो.

आधी काटा कसा चालतो ते पाहू.

एखाद्या डॉक्टराने अभ्यास करून निबंध लिहिला आणि तो नियतकालिकात छापून आला. पुढे दुसऱ्या कोणी त्याच विषयावर लिहिताना, "हे आधी अमक्याने दाखवून दिलं आहे" अशी नोंद आपल्या निबंधाखाली केली. ही नोंद म्हणजे सायटेशन. मराठीत आपण दाखला म्हणू. वकील मंडळी जुन्या निकालाचा दाखला देतात, उर्दूत त्याला नज़ीर म्हणतात, तसाच हा प्रकार. आणि खरंच याची सुरुवात वकिलीतूनच झाली. अमेरिकेत कोणत्या निकालाचा दाखला पुढे कोणत्या खटल्यात दिला गेला, याची सूची १८७३ पासून निघत होती. तिच्यावरून युजीन गारफिल्ड यांना कल्पना सुचली. विज्ञानातही अशी सूची हवी, असं त्यांनी १९५५ साली मांडलं आणि १९६४ मध्ये फिलाडेल्फियातून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढला. त्यांचा हेतू साधा होता. एखादा विचार कुठून निघाला आणि कुठवर पोचला, याचा माग लागावा.

दाखला देण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, तेव्हा चक्रधरस्वामींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं होतं त्यांना विचारून विचारून आठवणी गोळा केल्या. आमच्याकडेही हदीस सांगताना ती कोणी कोणाकडून ऐकली ही साखळी आधी सांगतात, तिला इस्नाद म्हणतात. बोलणारा कोण आणि त्याला कुठून कळलं, हे सांगितल्याशिवाय बोलण्याला किंमत नाही, ही समज जुनी आहे.

पण माग काढण्यासाठी केलेल्या सूचीतून पुढे गुणपत्रिका तयार झाली. एच-इंडेक्स हा तिच्यातला सगळ्यात प्रसिद्ध आकडा. होर्हे हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ साली सुचवला. हिशेब सोपा आहे. समजा एका डॉक्टरचे पाच निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ५०, २०, ७, ४ आणि १ दाखले मिळाले. किमान चार निबंध असे आहेत की ज्यांना प्रत्येकी किमान चार दाखले आहेत. पाच निबंधांना पाच-पाच दाखले मात्र नाहीत. म्हणून त्याचा एच-इंडेक्स चार. आता दुसरा डॉक्टर घ्या. त्याने आयुष्यात एकच निबंध लिहिला, पण तो हजार जणांनी वापरला. त्याचा एच-इंडेक्स एकच. काट्यावर पहिला जड भरला.

इम्पॅक्ट फॅक्टर हा तिसरा शब्द. तो डॉक्टरचा नसतो, नियतकालिकाचा असतो. मागच्या दोन वर्षांत त्या नियतकालिकात आलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती दाखले मिळाले, एवढंच तो सांगतो. ज्या डब्यातून कलेक्टरसाहेब प्रवास करतात, त्या डब्यातला प्रत्येक उतारू कलेक्टर नसतो. मोठ्या नियतकालिकातसुद्धा काही लेख असे असतात की ज्यांच्याकडे पुढे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

आणि ती 'दोन टक्क्यां'ची यादी? स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन इयोनिडिस आणि त्यांचे सहकारी 'स्कोपस' या माहितीसाठ्यातून ती गणिताने काढतात. स्वतःच स्वतःचे दिलेले दाखले ते वेगळे दाखवतात, आणि विषयवार तुलनाही करतात. यादी उपयोगी आहे. पण तो विद्यापीठाने बोलावून दिलेला पुरस्कार नव्हे. शिवाय याद्या दोन असतात, एक आयुष्यभराच्या कामाची आणि दुसरी एकाच वर्षाच्या दाखल्यांची. फ्लेक्सवर कोणती, ते बहुधा लिहिलेलं नसतं.

आता धाग्याकडे वळू. त्यासाठी आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. गरिबीतून शिकून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाले. सत्तरच्या दशकात त्यांना नोकरी लागली कोकणात, महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे लाल विंचू होता. आपल्याकडे तुरीच्या नाहीतर पऱ्हाटीच्या वावरात इचू डसला की माणूस रात्रभर ठणकतो आणि सकाळी कामाला लागतो, असं आपण बरेचदा पाहतो. लाल विंचवाचं तसं नाही. त्याच्या विषाने शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तदाब भडकतो, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. धडधाकट माणूस, त्यातही लेकरू, काही तासांत जातं. पश्चिम महाराष्ट्रात अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत, असं बावस्करांनीच नोंदवलं आहे.

त्यांनी आधी काय केलं? रुग्णाशेजारी बसून लिहिलं. दंश केव्हा झाला, उलटी केव्हा, घाम केव्हा, नाडी किती, रक्तदाब किती. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मग पुण्याला बी. जे. मेडिकल कॉलेजात एम.डी. करून ते पुन्हा महाडलाच परतले. प्राझोसिन नावाची एक गोळी रक्तदाबासाठी वापरात होती. विष ज्या वाटेने हृदयावर हल्ला करतं, ती वाट ही गोळी अडवते, असा विचार करून त्यांनी ती विंचूदंशाच्या रुग्णांना दिली. रुग्ण वाचू लागले. १९८६ साली त्याचं छोटंसं टिपण पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आलं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या, आणि निबंधांवरही दोघांचं नाव असतं. प्राझोसिननंतर त्यांच्याकडच्या मृत्यूंचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं.

पुढे हाफकिनची विंचवाच्या विषावरची लस आली. बावस्करांनी गोळी आणि लस यांचं भांडण लावलं नाही, तुलना केली. ७० रुग्ण घेतले. निम्म्यांना फक्त गोळी, निम्म्यांना गोळी आणि लस. कोणाला काय द्यायचं ते डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने ठरवलं. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण गोळी आणि लस मिळालेल्यांत शंभरात ९१, तर नुसत्या गोळीवाल्यांत शंभरात २३. हा निबंध २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यात बसून केलेलं हे काम. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता काटा आणि धागा यांतला फरक बघा. श्रीमंत देशांत विंचवाने माणसं फारशी मरत नाहीत. त्यामुळे विंचवावर काम करणारे थोडे, लिहिणारे थोडे, म्हणून दाखले देणारेही थोडे. कर्करोग किंवा मधुमेहावर जगभर फौजा काम करतात. तिथला मध्यम दर्जाचा निबंधही दाखल्यांत विंचवाच्या उत्तम निबंधाला सहज मागे टाकील. गरिबाच्या आजाराला काट्यावर वजन कमी भरतं, कारण बाजारात त्याचं गिऱ्हाईक कमी. याचा अर्थ कापूस हलका असा नव्हे. नुसत्या आकड्यावर अनुदानं आणि बढत्या ठरल्या, तर हुशार पोरं विंचू, साप, कुपोषण, सिकलसेल सोडून जिथे दाखले मिळतात तिकडे जातील. मेळघाटाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला हे परवडणारं नाही.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत प्रयोग, आणि तुलनेसाठी ४७ गावं. प्रयोगाच्या गावांत हजारी ६२ बाळं महिन्याच्या आत जात होती, ती संख्या तीन वर्षांत साडेपंचवीसवर आली. १९९९ च्या डिसेंबरात हा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला आणि त्याला जगभरातून दाखले मिळाले. पण त्याचा सगळ्यात मोठा दाखला कुठल्याच सूचीत नाही. भारत सरकारने २०११ मध्ये घरच्या घरी बाळाच्या देखभालीचा कार्यक्रम देशभर लागू केला. आज धारणीत किंवा अकोटकडे एखाद्या गावात आशाताई बाळंतिणीच्या दारी येते, बाळाचं वजन करते, ताप बघते, पुन्हा ठरलेल्या दिवशी येते. त्या बाळंतिणीने 'लॅन्सेट'चं नाव ऐकलेलं नाही. तिच्या बाळाचा श्वास म्हणजे दाखलाच, फक्त तो मोजणारा संगणक नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जास्त दाखले म्हणजे मोठं काम, असं नेहमीच नसतं. विज्ञानात सर्वाधिक दाखले मिळालेला निबंध १९५१ चा आहे. तो लाउरी आणि सहकाऱ्यांचा, त्यात द्रावणातलं प्रथिन मोजायची एक रीत सांगितली आहे. तीन लाखांहून अधिक दाखले. प्रयोगशाळेत ती रीत वापरली की नाव लिहावं लागतं, म्हणून. खुद्द लाउरींनाही तो आपला थोर निबंध वाटत नव्हता. आणि १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १२ मुलांच्या आधारावर गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला, तो निबंधही 'लॅन्सेट'मध्येच आला होता. बारा वर्षांनी, २०१० मध्ये, 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला. त्यालाही भरपूर दाखले आहेत, त्यातले कितीतरी तो चूक आहे हे सांगण्यासाठी दिलेले. काटा स्तुती आणि निंदा एकाच पारड्यात टाकतो. तोवर अनेक देशांत आई-बापांनी लेकरांना लस द्यायचं टाळलं, आणि गोवर परतला.

कापसाला पाणी मारून वजन वाढवणारे आपल्याला माहीत आहेत. इथेही तेच होतं. आपल्याच जुन्या निबंधांचे दाखले आपणच द्यायचे. चार मित्रांनी मिळून एकमेकांचे द्यायचे. ज्याने काम केलं नाही त्या साहेबाचं नाव लेखकांत घालायचं. माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. कोणत्या ते सांगत नाही. रात्री जागून त्याने रुग्णांच्या नोंदी तपासल्या, निबंध लिहिला, आणि छापताना त्याच्या नावाच्या आधी दोन नावं आली. त्यातल्या एकाने निबंध वाचलासुद्धा नव्हता. तो मला म्हणाला, "चाचा, मुशायऱ्यात कोणी तुमची ग़ज़ल स्वतःच्या नावाने वाचली तर तुम्ही काय कराल?" मी म्हटलं, "भांडेन." तो म्हणाला, "मला इथे नोकरी करायची आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच मुलाला रोज पत्रं येतात. 'आपला बहुमोल निबंध आमच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तीन दिवसांत छापू', आणि खाली फी. अशी दुकानं किती आहेत, याची परीक्षा 'सायन्स' साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये घेतली. मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट निबंध त्यांनी ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्या नियतकालिकांतली सुमारे एक तृतीयांश भारतातून चालणारी होती. आपल्याकडे बढतीसाठी निबंधांची अट घातली गेली, तेव्हा या दुकानांना गिऱ्हाईक आयतं मिळालं. शिकवणं, रुग्ण बघणं आणि निबंध लिहिणं हे एकाच माणसाकडून मागायचं, पण वेळ, ग्रंथालय आणि पैसा द्यायचा नाही, तर दुसरं काय होणार?

या गर्दीत एक शांतताही आहे. डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचं २००५ ते २०१४ या दहा वर्षांचं काम तपासलं. त्यांतल्या ३३२ संस्थांच्या नावावर त्या काळात एकही शोधनिबंध सापडला नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त. या संस्थांच्या वॉर्डांत त्या दहा वर्षांत लाखो रुग्ण आले-गेले असतील. त्यांचे ताप, त्यांचे दंश, त्यांची बाळंतपणं कोणीतरी केसपेपरवर लिहिली, आणि ते कागद कपाटात गेले. पाणी मारलेल्या कापसाइतकंच हे न वेचलेलं वावर मला छळतं.

म्हणून आकडे नकोत, असं माझं म्हणणं नाही. दाखला हा कारागिराने कारागिराला दिलेला मान आहे. मुशायऱ्यात समोरच्या शायराने 'मुकर्रर' म्हटलं की जे वाटतं, ते संशोधकाला दाखला मिळाल्यावर वाटत असेल. पण दाद मोजून शायर ठरत नाही. जगातल्या अनेक संशोधकांनी आणि संस्थांनी २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात हेच म्हटलं आहे. माणसाचं काम नियतकालिकाच्या आकड्यावरून जोखू नका, काम स्वतः वाचा.

आपण सामान्य माणसं इंग्रजी निबंध कुठे वाचणार, हा प्रश्न रास्त आहे. पण बातमी वाचताना चार गोष्टी विचारता येतात. निबंध कुठे छापला, आणि छापण्याआधी दुसऱ्या जाणकारांनी तो तपासला होता का? किती रुग्ण पाहिले, आणि त्यांची तुलना कोणाशी केली? काम कोणी केलं, नाव कोणाचं आहे? आणि त्यानंतर रुग्णाच्या वाट्याला काय बदललं? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं पत्रकाराने बातमीत द्यावीत. चौथं आपण डॉक्टरांनाच विचारावं, सत्काराच्या सभेत, हार घालून झाल्यावर, आदराने. ज्याने खरं काम केलं आहे, त्याला हा प्रश्न आवडेल. तो आकडा सांगणार नाही, एखाद्या रुग्णाबद्दल सांगू लागेल.

अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झालं, अमरावतीला शासकीय महाविद्यालय २०२४ मध्ये आलं. आज तिथे शिकणारी पोरं-पोरी उद्या धारणीला, पातूरला, दर्यापूरला जातील. त्यांच्या हातात वही असेल, तर बिरवाडीत जे झालं ते इथेही होऊ शकतं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला मजूर, सर्पदंश होऊन उशिरा पोचलेली शेतकरीण, मेळघाटातलं वजन न वाढणारं लेकरू, हे आपले विषय आहेत. लंडन-बोस्टनहून कोणी येऊन ते लिहिणार नाही. त्यांच्या त्या वहीला किती दाखले मिळतील, ते मी सांगू शकत नाही. पण धागा लांब असेल, तर आपण ओळखू शकलो पाहिजे.